मायदेशी नेलेली मुलं

या पुस्तकातली मुलं आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांचा जन्म पनवेल, पेण, अलिबाग, रोहे, रेवदंडा या पट्ट्यातला, किंवा इथून पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या घरांतला. १९४८ नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत आईवडिलांचं बोट धरून ती इस्रायलला गेली आणि बीरशेबा, दिमोना, लोद, रामला, अश्दोद, येरुहाम अशा गावांत वाढली. घरात मराठी आणि शाळेत हिब्रू असं त्यांचं बालपण गेलं. त्या बालपणाबद्दल मराठीत फार थोडं लिहिलं गेलं आहे. कोकणातल्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्रायलांच्या उगमावर, त्यांच्या सणांवर, त्यांच्या प्रार्थनामंदिरांवर लेख निघतात. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाची कथा पुन्हा पुन्हा सांगितली जाते. पण ही सगळी कहाणी मुंबईहून निघालेल्या विमानापाशी येऊन थांबते. पुढे काय झालं हे आपण विचारलं नाही, कारण ती माणसं आपल्या देशी गेली असं आपण धरून चाललो होतो.

या प्रस्तावनेत मला जे सांगायचं आहे ते या गृहीतकाबद्दलच आहे. स्थलांतर करणाऱ्या कुठल्याही कुटुंबातल्या मुलाला घर सुटल्याचं दुःख असतं, आणि मोठी माणसं ते निदान ओळखतात. बेने इस्रायल मुलांच्या वाट्याला वेगळी गोष्ट आली. त्यांना सांगितलं गेलं की आपण घर सोडत नाही, घरी परत जातो आहोत. दोन हजार वर्षांची वाट पाहून झालेली ती घरवापसी होती, तिचा आनंद खरा होता, तिच्यासाठी केलेल्या प्रार्थना खऱ्या होत्या. पण जो घरी परतला त्याने मागचं घर आठवून रडायचं नसतं. नऊ वर्षांच्या मुलाला पनवेलची आळी, शेजारच्या घरातला मित्र, श्रावणातला चिखल आठवत असेल, तर ती आठवण कुठे ठेवायची हे त्याला कुणी सांगितलं नाही. पुढच्या पानांतल्या आठवणी वाचताना ही एक गोष्ट मनाशी धरावी, एवढी माझी विनंती आहे.

ज्यांना हा समाज ठाऊक नाही अशा वाचकांसाठी थोडं मागे जायला हवं. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज ज्या जहाजातून आले ते अलिबागजवळ नवगावला फुटलं, सात जोडपी वाचली, आणि बुडालेल्यांना तिथेच मूठमाती देण्यात आली. नवगावला आज त्या जागेवर स्मारकस्तंभ उभा आहे. वाचलेल्यांच्या वंशजांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले. शनिवारी ते घाणा जुंपत नसत, म्हणून त्यांना शनवार तेली हे नाव पडलं. ज्या गावी राहिले त्या गावाचं आडनाव त्यांनी घेतलं. पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहिमकर, दिवेकर, झिराडकर, चेऊलकर, आणि आपल्या पनवेलजवळच्या आपट्याचे आपटेकर. पुढे घाणे मागे पडले. पलटणी, रेल्वे, टपाल, कस्टम्स, इस्पितळं यांत हा समाज शिरला आणि मुंबईत, पुण्यात, ठाण्यात वाढला. तरी कोकणातली मुळं सुटली नव्हती. रेवदंड्याचं प्रार्थनामंदिर १८४२ चं, अलिबागचं १८४८ चं, पनवेलचं बेथ एल १८४९ चं आणि पेणचं १८६३ चं. वीसेक वर्षांत एवढ्या छोट्या समाजाने एवढी मंदिरं उभी केली, ती इथेच राहायचं आहे या भरवशावर केली असणार. कोकणातले बेने इस्रायल या मंदिरांना मशीदच म्हणत. पनवेलची ती वास्तू आजही जुन्या गावात आहे.

अशा घरातल्या मुलाचा आठवडा शुक्रवारच्या संध्याकाळकडे चालत जाई. काळ्या मनुका भिजवून, चुरून, गाळून केलेल्या सरबतावर त्या घरांत शब्बाथचा आशीर्वाद म्हटला जाई, कारण द्राक्षाची दारू कोकणात कुठून आणायची? मटणाच्या जेवणात दूध चालत नाही, म्हणून गोडाला नारळाचं दूध. मासळी खवल्यांची आणि परांची तेवढीच घ्यायची, कोळंबी शेजारणीच्या टोपल्यात राहायची. भिंतीवर अग्निरथातून स्वर्गाला जाणाऱ्या एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलिया प्रेषिताची तसबीर. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्या रथाची खूण आहे असं मानतात, आणि नवस फेडायला लोक तिथे जातात. नवस, लग्न, नवं घर, मोठ्या आजारातून उठणं, या सगळ्यांना मलिदा हवा: गोड पोह्यांत ओलं खोबरं आणि वेलची, वर फळं, आणि ताटाभोवती बसून म्हटलेलं एलियाहूचं गाणं. सणांची जुनी नावं कोकणी घरातली वाटतात. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. इजिप्तमधल्या गुलामीतून सुटल्याची वल्हांडणाची कहाणी, म्हणजे हग्गादा, मराठीत १८४६ सालीच छापली गेली होती. पुण्यात १८७४ मध्ये निघालेली तिची सचित्र आवृत्ती आज जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. जोसेफ इझिकियल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना एकामागून एक मराठीत आणल्या. तेव्हा जेरुसलेमची ओढसुद्धा या मुलांपर्यंत मराठीतूनच पोचली होती. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्या भाषेत त्यांना मायदेशाची स्वप्नं पडली, ती भाषा मायदेशात कुणाला येत नव्हती.

मग गेले का? हाकललं कुणी नव्हतं. बेने इस्रायलांचे अनेक बुजुर्ग हे आजही अभिमानाने सांगतात की भारतात त्यांचा छळ कधी झाला नाही. युरोपातून, इराकमधून, येमेनमधून गेलेल्या ज्यूंच्या मागे काहीतरी पेटलेलं होतं, यांच्या मागे शेजारी निरोप द्यायला उभे होते. श्रद्धा हे कारण होतंच. त्याला इतर कारणं येऊन मिळाली. इंग्रज गेल्यावर रेल्वे आणि कस्टम्समधल्या नोकऱ्यांचं काय होणार ही काळजी, मुलींच्या लग्नांची काळजी, इस्रायलमधून आलेल्या प्रतिनिधींनी रंगवलेलं नव्या राष्ट्राचं चित्र, आणि मामा गेला म्हणून आत्या, आत्या गेली म्हणून तिचे दीर अशी लागलेली रांग. १९५० च्या जुलैमध्ये इस्रायलने परतीचा कायदा केला आणि जगातल्या प्रत्येक ज्यूला तिथे येऊन राहण्याचा हक्क दिला. १९५१ च्या जनगणनेत भारतात २६ हजारांहून अधिक ज्यू होते, त्यांत बहुसंख्य बेने इस्रायल. आज देशभरात मिळून ते पाच हजारांच्या आसपास असतील. उलट इस्रायलमध्ये बेने इस्रायल आणि त्यांचे वंशज याच्या कित्येक पटींनी अधिक आहेत.

जगात आणखी एका ठिकाणी याच काळात अशीच मुलं अशाच मायदेशी निघाली होती. २२ जून १९४८ रोजी एम्पायर विंड्रश हे जहाज जमैकाहून आलेल्या शेकडो माणसांना लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरवून गेलं. त्याच वर्षी ब्रिटनने केलेल्या कायद्याने वसाहतींतल्या माणसांना ब्रिटनचं समान नागरिकत्व मिळालं. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदादच्या शाळांमध्ये मुलं इंग्लंडला मातृदेश म्हणत, इंग्लंडचे राजे आणि इंग्लंडची फुलं पाठ करत. तिकडे पोचल्यावर मात्र भाड्याने खोली मिळेना. या मुलांची कथा एका बाबतीत आपल्याहून वेगळी होती. तिथे अनेकदा आईबाप आधी गेले, मूल आजीपाशी राहिलं, आणि चार-सहा वर्षांनी बोलावणं आलं तेव्हा बंदरावर उभी असलेली आई त्याला ओळखू येईना. बेने इस्रायल बहुधा कुटुंबच्या कुटुंब निघाले, पुष्कळदा आजीसकट. पण मुख्य धागा एकच होता. आपण हक्काच्या घरी चाललो आहोत असं सांगून आणलेल्या मुलाला तिथल्या शाळेच्या पहिल्याच आठवड्यात विचारलं गेलं की तू इथला कसा? कॅरिबियन मुलांनी पुढे याबद्दल लिहिलं. शिक्षक बर्नार्ड कोर्ड यांनी १९७१ मध्ये एक पुस्तिका काढून दाखवलं की ब्रिटिश शाळा वेस्ट इंडियन मुलांना मंदबुद्धी ठरवून वेगळ्या शाळांत कशा ढकलतात. कादंबऱ्या आल्या, चित्रपट आले. आपल्या मुलांच्या बाबतीत ते काम अजून व्हायचं आहे, आणि ते मराठीत होणं मला गरजेचं वाटतं.

इस्रायलमध्ये पहिली वर्षं छावण्यांची होती. १९४८ ते १९५१ या साडेतीन वर्षांत तिथली ज्यू लोकसंख्या दुप्पट झाली. घरं नव्हती, म्हणून मअबारा नावाच्या वसाहती उभ्या राहिल्या: कापडी तंबू, मग पत्र्याच्या खोल्या, सामाईक नळ, सामाईक संडास. भारतातून आलेल्यांपैकी पुष्कळांना दक्षिणेकडे, नेगेवच्या वाळवंटाकडे पाठवलं गेलं. बीरशेबात वर्षभरात जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेवढा पनवेलला जुलैतल्या जोराच्या दोन दिवसांत पडून जातो. उन्हाळाभर एक थेंब नाही, आणि पाऊस येतो तो थंडीत. कोकणातल्या मुलाचं वर्ष पावसावर बेतलेलं असतं. शाळा उघडणं, गणपती, भाताची कापणी, सगळं त्याला बांधलेलं. जून आला आणि आभाळ कोरडंच राहिलं, हा धक्का मोठ्यांना कदाचित जाणवलाही नसेल, त्यांच्यापुढे नोकरीचे आणि रेशनचे प्रश्न होते. मुलांनी तो धक्का लक्षात ठेवला.

रेशन १९४९ ला सुरू झालं आणि कमी होत होत दहा वर्षं टिकलं. अंडी, साखर, तेल, मांस, सगळं मोजून. तांदूळ तर दुर्मीळच होता. त्या टंचाईवर उपाय म्हणून तिथल्या एका कारखान्याने गव्हाच्या पिठाचे तांदळासारखे दाणे करून भाजून विकायला काढले, आणि पंतप्रधान बेन-गुरियन यांच्या नावाने लोक त्याला बेन-गुरियनचा तांदूळ म्हणू लागले. इस्रायली मुलांच्या पिढ्या तो आवडीने खात मोठ्या झाल्या, आजही खातात. पण ज्या आईने जन्मभर भाताच्या पेजेपासून मलिद्याच्या पोह्यांपर्यंत सगळं तांदळाचं केलं, तिच्या चुलीवर हे दाणे शिजत होते. तिने त्यात नारळ शोधला असेल, कोकम शोधलं असेल. भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पिशवीत पोहे असत, आणि ते मलिद्यासाठी राखून ठेवले जात. आज दिमोना, रामला, लोदमध्ये भारतीय वाणसामानाची दुकानं आहेत, सगळं मिळतं. त्या काळातल्या मुलांना मात्र पोह्यांच्या पिशवीला हात लावला म्हणून खाल्लेली बोलणी आठवतात.

शाळा हा या पुस्तकाचा गाभा आहे. पनवेलला किंवा मुंबईत मराठी चौथी-पाचवीपर्यंत शिकलेलं मूल तिथे पहिल्या बाकावर अक्षरं गिरवायला बसलं. हिब्रू त्याला अगदीच नवी नव्हती. शेमा आणि इतर प्रार्थना त्याने मशिदीत पाठ केल्या होत्या. पण त्याचा उच्चार कोकणी होता आणि पाठ केलेल्या हिब्रूत पाणी मागता येत नव्हतं. त्या काळी तिथल्या शाळांत बाहेरून आलेल्या मुलांची नावं बदलून हिब्रू नावं देण्याची रीत होती. घरात बेबी, बाळ, लीला अशा हाका ऐकलेल्या मुलांना वर्गात दुसऱ्याच नावाला उठून उभं राहायला शिकावं लागलं. त्यात कातडीचा रंग. पोलंडहून आलेली, मोरोक्कोहून आलेली, रुमानियाहून आलेली मुलं एकाच मैदानात खेळत होती, आणि काळ्या रंगावरून मारायची हाक सगळ्यांना येत होती. पनवेलला या मुलांची ओळख शनिवार पाळणारे अशी होती. इस्रायलमध्ये सगळेच शनिवार पाळत होते, त्यामुळे तिथे ते फक्त होदिम, भारतीय, उरले. गावात ज्यू आणि ज्यूंच्या देशात भारतीय, ही अदलाबदल मुलाने कुणाच्या मदतीशिवाय समजून घेतली.

बापाचं काय झालं हेही मूल पाहत होतं. मुंबईत टेबलाशी बसून इंग्रजीत पत्रं लिहिणारा कारकून इथे रस्त्याच्या, झाडं लावण्याच्या, बांधकामाच्या मजुरीवर गेला. पुढे कुणाला मृत समुद्राच्या पोटॅश कारखान्यात, कुणाला दिमोनाच्या कितान कापडगिरणीत काम मिळालं. श्रमाला कमी लेखायचं कारण नाही, तो देश श्रमानेच उभा राहिला. पण पन्नाशीच्या माणसाला नवी भाषा लवकर येत नाही. रेशन कचेरीत, दवाखान्यात, कामगार कार्यालयात त्याच्यासाठी बोलायला दहा वर्षांची मुलगी जाऊ लागली. वडिलांच्या आजाराचं नाव, आईच्या बाळंतपणाची तारीख, घरभाड्याची थकबाकी, हे सगळं आधी त्या मुलीच्या तोंडातून जायचं. स्थलांतरितांच्या मुलांच्या जगभरच्या आठवणींत हा प्रसंग येतो. इथे तो विशेष दुखतो, कारण मोठ्या माणसापुढे मान वर न करण्याच्या रीतीत ती मुलगी वाढलेली असते, आणि आता तिच्याच शब्दांवर बापाचं पोट अवलंबून असतं. अशा मुली लवकर शहाण्या झाल्या. त्यांतल्या कित्येक पुढे परिचारिका झाल्या, शिक्षिका झाल्या. मोठ्या भावाच्या शिक्षणासाठी कितीजणींना शाळा सोडावी लागली, याचा हिशेब मात्र कुणी मांडलेला नाही.

१९५१ च्या अखेरीस बीरशेबातल्या काही बेने इस्रायल कुटुंबांनी जे केलं त्याबद्दल भारतात फारसं बोललं जात नाही. रंगावरून भेदभाव होतो, काम आणि घर देताना आपल्याला मागे ठेवलं जातं, अशी तक्रार करत त्यांनी तेल अवीवला, स्थलांतरितांची सोय लावणाऱ्या ज्यूईश एजन्सीच्या कचेरीपाशी धरणं धरलं. मागणी एकच: आम्हाला भारतात परत पाठवा. धरण्याचं हत्यार त्यांनी स्वतंत्र भारतातूनच नेलं होतं. १९५२ मध्ये शंभरावर माणसं खरोखर मुंबईला परत आणली गेली. तिथेही त्यांचं बस्तान नीट बसलं नाही. विकलेली घरं परत मिळाली नाहीत, सोडलेल्या नोकऱ्या गेल्या त्या गेल्या, आणि त्यांतले बरेच जण पुढच्या काही वर्षांत पुन्हा इस्रायलला गेले. त्यांच्या मुलांचा विचार करा. मराठी शाळा, मग हिब्रू शाळा, मग पुन्हा मराठी, पुन्हा हिब्रू. आईवडिलांचा निर्णय बरोबर होता की चूक यावर समाजात मतभेद राहिले. धरण्यात भाग घेतलेल्यांना इतरांनी बरीच वर्षं नावं ठेवली, आणि त्या मुलांनी आपण परत गेलो होतो ही गोष्ट मोठेपणी आपल्या मुलांनाही सांगितली नाही. मला वाटतं, साऱ्या बेने इस्रायल स्थलांतरात सगळ्यात एकटी पडली ती हीच मुलं.

त्यानंतर दहा वर्षांनी जे घडलं ते मात्र सगळ्यांच्या वाट्याला आलं. १९६२ मध्ये प्रमुख सेफार्दी धर्मगुरू यित्झाक निस्सिम यांच्या काळात तिथल्या मुख्य धर्मपीठाने सूचना काढली की बेने इस्रायल व्यक्तीचं लग्न समाजाबाहेरच्या ज्यूशी लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी, जितकं मागे जाता येईल तितकं मागे जाऊन. कोकणातल्या माणसाने असा पुरावा कुठून आणायचा? त्याच्याकडे नवगावची कथा होती, आडनाव होतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला शनिवार होता. ज्या शनिवारामुळे गावाने त्यांना ओळखलं, तो आता पुरेसा नव्हता. लग्नाच्या वयाला आलेल्या मुलामुलींना आपण खरे ज्यू आहोत का, हा प्रश्न जाहीर कागदावर विचारला गेला, आणि शाळेतल्या धाकट्या भावंडांनी तो मैदानात ऐकला. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून बेने इस्रायल जेरुसलेमला जमले, धरणं धरलं, मुलंबाळं घेऊन बसले. ऑगस्टमध्ये क्नेसेटपुढे, म्हणजे इस्रायलच्या संसदेपुढे हा विषय आला, पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असं ठामपणे मांडलं, आणि त्या महिन्याच्या शेवटी धर्मपीठाने सूचनेतून बेने इस्रायल हे नाव काढलं. लढा जिंकला गेला. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये कॅरिबियन मुलांच्या त्याच पिढीला, आता म्हातारी झालेल्या माणसांना, तुमचा इथे राहण्याचा हक्क कागदाने सिद्ध करा असं सांगितलं गेल्याचं उघडकीस आलं, तेव्हा १९६२ आठवल्याशिवाय राहिलं नाही. हक्क कायद्याने दिलेला असतो, पण पुरावा मागायची वेळ येते तेव्हा तो ठरावीक लोकांनाच मागितला जातो.

दुःखाचंच पुस्तक आहे असं मात्र कुणी समजू नये. मुलं खेळली, वाढली, सैन्यात गेली, प्रेमात पडली. मोरोक्कोच्या शेजारणीकडून त्यांनी कुसकुस शिकलं आणि तिला पुऱ्या शिकवल्या. तिथल्या तळपत्या मैदानांवर क्रिकेट रुजलं ते मोठ्या प्रमाणात भारतातून गेलेल्यांमुळे, आणि बीरशेबा, दिमोना, अश्दोदच्या संघांत कितीतरी वर्षं याच घरांतली मुलं खेळत राहिली. मलिदा सुटला नाही. उलट तिथे त्याला नवी जागा मिळाली. खंडाळ्याच्या खडकाऐवजी हैफाला कार्मेल डोंगराच्या पायथ्याची एलियाहूची गुहा सापडली, आणि पोह्यांची ताटं घेऊन बायका तिकडे जाऊ लागल्या. लग्नाआधीची मेंदी आधी घरातल्या घरात, जरा लाजत होत असे. आता नातवंडं हौसेने सभागृह घेऊन ती करतात, हिरव्या बांगड्या भरतात. आणि आडनावं. दिमोनात जन्मलेल्या, पेण कधी न पाहिलेल्या मुलीच्या शाळेच्या दप्तरावर पेणकर लिहिलेलं असतं. बऱ्याच घरांनी आडनावं बदलून हिब्रू केली, बऱ्याच घरांनी ठेवली, आणि दोन्ही निर्णयांमागे घरात झालेले वाद आहेत.

भाषेची गोष्ट इतकी सरळ नाही. पहिल्या पिढीने मायबोली हे मराठी नियतकालिक इस्रायलमधून काढलं आणि चालवलं, एक मेला महाराष्ट्र दिन साजरा केला, मराठी कीर्तनं जिवंत ठेवली. या सगळ्याचं मराठी जगाने जेवढं कौतुक करायला हवं होतं तेवढं केलं नाही. पण पुढच्या पानांत बोलणारी मुलं त्या मराठीच्या मधल्या थरातली आहेत. त्यांना ती समजते, आजीची हाक त्या भाषेत आठवते, स्वयंपाकघरातल्या वस्तू त्याच भाषेत सुचतात, आणि राजकारणावर किंवा स्वतःच्या घटस्फोटावर बोलायचं झालं की हिब्रू येते. म्हणून या आठवणींत मराठी एकसारखी नाही. कुठे ती साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातली अस्सल बोली आहे, आपण इथे विसरलेले शब्द तिच्यात आहेत. कुठे वाक्य मराठीत सुरू होऊन अडखळतं. संपादनात ते अडखळणं पुसलेलं नाही. ज्यांना हे खटकेल त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की चौथी-पाचवीत थांबलेलं मराठी शिक्षण घेऊन ही माणसं साठ-सत्तर वर्षं जगली आहेत.

लहानपणाच्या आठवणींवर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न रास्त आहे. भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये सुरू झाले. तोवर येणं-जाणं अवघड, खर्चाचं, क्वचितचं. चाळीस वर्षं ज्या गावाची पत्रंच फक्त येतात ते गाव मनात मोठं होतं, त्यातली विहीर खोल होते, त्यातले शेजारी प्रेमळ होतात. पनवेलला कुणी कधी वाईट बोललंच नसेल, असं मी म्हणणार नाही. पण या आठवणी गावाचा इतिहास म्हणून वाचायच्या नाहीत. मुलाने आपल्यापाशी काय ठेवून घेतलं आणि का, ते त्यांत पाहायचं. १९९२ नंतर पुष्कळ जण आले, नवगावचा स्तंभ पाहिला, पनवेलच्या मशिदीत दिवा लावला. काहींना आपली आळी सापडली नाही. सिडको आलं, महामार्ग रुंदावले, आणि पनवेलच्या वेशीवर आता आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. सापडली नाही म्हणून ते रुसले नाहीत. पण आठवण खरी की समोरचं खरं, हा प्रश्न घेऊन परत गेले.

आणि आता खुद्द पनवेलच मुलांना सामावून घेणारं गाव झालं आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात, तळोज्याच्या कारखान्यांत, खारघर-कामोठ्याच्या बांधकामांवर उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, ओडिशातून, मराठवाड्यातून कुटुंबं आली आहेत. त्यांची मुलं इथल्या शाळांत दुसऱ्या भाषेत पाढे म्हणतात आणि दवाखान्यात आईसाठी मराठी बोलतात. त्यांच्या शिक्षकांनी हे पुस्तक वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

एक अर्धी बाजू या पुस्तकात नाही, ती इथेच लिहून ठेवतो. गेलेल्या मुलांनी सांगितलं, राहिलेल्यांनी अजून सांगितलेलं नाही. वर्गातलं एक मूल जूनमध्ये आलंच नाही, शेजारच्या घराला कुलूप लागलं, वल्हांडणाची रोटी येणं थांबलं, हे पाहिलेली त्याच वयाची माणसं आज पनवेल, पेण, अलिबागला आहेत. जुन्या शाळांच्या जनरल रजिस्टरांत त्या मुलांच्या नोंदी असतील: नाव, धर्म, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख, आणि शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात मुख्याध्यापकांनी जे काही लिहिलं असेल ते. कुणाच्या कपाटात वर्गाचा फोटो असेल, निळ्या हवाई पत्रांचा गठ्ठा असेल, मशिदीतल्या लग्नाची पत्रिका असेल. हे कागद वाळवी आणि पूर यांच्या तावडीतून जितके वाचले असतील तितके शोधायला हवेत, आणि ज्यांना आठवतं त्यांच्याजवळ बसून ते लिहून घ्यायला हवं. शाळांनी आपली रजिस्टरं उघडून दिली, तर पनवेलपासून सुरुवात करता येईल.